एलटी३०४५ चं मॉड्यूल घ्यावं का? एडीसी आणि वायफाय एकाच सप्लायवर चालवताना आलेला अनुभव

भोसरीत एका मित्राचं वर्कशॉप आहे, पाकिटं भरायची छोटी मशीनं बनवतात ते, त्यांच्या वजनाच्या सर्किटसाठी मी एलटी३०४५ ह्या व्होल्टेज रेग्युलेटर चिपची मॉड्यूलं (चिप लावलेले तयार छोटे बोर्ड) मागवली होती आणि ती आता बरेच महिने रोज चालू आहेत, त्यामुळे नीट बोलता येईल म्हणून लिहितोय. आधीच सांगून टाकतो, चिप एक नंबर आहे, मॉड्यूल ठीकठाक आहे, आणि बहुतेक लोक ती भलताच आकडा बघून घेतात. ज्यांच्या बोर्डवर एका बाजूला चांगला एडीसी (व्होल्टेज मोजून त्याचा डिजिटल आकडा करणारी चिप) आणि दुसऱ्या बाजूला वायफायवाला मायक्रोकंट्रोलर आहे त्यांनी पूर्ण वाचा, बाकीच्यांचे पैसे कदाचित वाचतील.

चिप लिनियर टेक्नॉलॉजीची. २०१७ मध्ये ती कंपनी ॲनालॉग डिव्हायसेसने घेतली, त्यामुळे आता त्यांच्या नावाने मिळते. लो ड्रॉपआउट रेग्युलेटर आहे, म्हणजे इनपुट आउटपुटपेक्षा थोडंच जास्त असलं तरी आउटपुट स्थिर ठेवणारी, इनपुट १.८ ते २० व्होल्ट, आउटपुट ५०० मिलीअँपिअर, ड्रॉपआउट २६० मिलीव्होल्टच्या आसपास. जाहिरातीत पहिला आकडा दिसतो तो नॉईजचा (चिप स्वतः आउटपुटमध्ये घालते तो गोंगाट), ०.८ मायक्रोव्होल्ट आरएमएस, १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ. आपला नेहमीचा ७८०५ रेग्युलेटर त्याच पट्ट्यात ४० मायक्रोव्होल्टच्या आसपास असतो, आणि सगळ्या चायनीज बोर्डांवर असतो तो एएमएस१११७ आउटपुटच्या ०.००३ टक्के म्हणतो, म्हणजे ५ व्होल्टला १५० मायक्रोव्होल्ट. हे बघितलं की कुणालाही वाटणार की बस, हीच पाहिजे. पण डेटाशीटच्या पहिल्याच पानावर अजून एक आकडा आहे, १ मेगाहर्ट्झला ७६ डीबी पीएसआरआर, म्हणजे सप्लायमधून येणारा कचरा चिप किती दाबते ते. माझ्या मते पैसे ह्या आकड्याचे द्यायचे.

का ते सांगतो. आमचं सर्किट असं, १० किलोचा लोडसेल (वजनाप्रमाणे बारीक व्होल्टेज देणारा सेन्सर), २ मिलीव्होल्ट पर व्होल्टवाला, त्याला ५ व्होल्ट एक्सायटेशन (लोडसेलला दिलेला सप्लाय), म्हणजे पूर्ण वजनाला १० मिलीव्होल्ट मिळणार. १० मिलीव्होल्ट भागिले १०,००० ग्रॅम, एका ग्रॅमला १ मायक्रोव्होल्ट. मशीनला अर्धा ग्रॅम ओळखायचाय म्हणजे अर्धा मायक्रोव्होल्ट. एडीसी एडीएस१२५६, २४ बिट, गेन ६४ वर ठेवला की फुल स्केल साधारण ७८ मिलीव्होल्ट होतं आणि कमी स्पीडला त्याचा स्वतःचा नॉईज २७ नॅनोव्होल्टपर्यंत खाली जातो, त्यामुळे एडीसीकडून काही अडचण नाही. शेजारी ईएसपी३२ हा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर, तो वजन वायफायवरून पाठवतो. ह्या ईएसपी३२ चा करंट पाठवताना २४० मिलीअँपिअरपर्यंत उडी मारतो आणि लगेच खाली येतो, दिवसभर हेच चालू. आणि ह्या सगळ्याला १२ व्होल्टच्या ॲडाप्टरवरून ५ व्होल्ट करणारं छोटं बक मॉड्यूल (वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज कमी करणारं), एमपी१५८४ वालं. जोडीला वर्कशॉपमध्ये मोटरचे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह). म्हणजे एका बाजूला अर्धा मायक्रोव्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला हा सगळा गोंगाट, आणि दोघांना जेवण एकाच ताटातून.

पहिल्या जोडणीत बकचे ५ व्होल्ट सरळ एडीसीच्या ॲनालॉग पिनला होते आणि वजनाचा आकडा एका जागी थांबायचा नाही. उड्या मारायचा असं नाही, हळूहळू वर जायचा, मग खाली, परत वर, आणि वर्कशॉप तापलं की ह्या हेलकाव्याचा वेग बदलायचा. बरेच जण हे बघून म्हणतात लोडसेल ड्रिफ्ट होतोय, लोडसेल बदला. ह्यातली खरी गंमत समजून घ्यायला एडीएस१२५६ च्या आत बघावं लागतं. त्याला ७.६८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि आतला मॉड्युलेटर (सिग्नलचे नमुने घेणारा भाग) त्याच्या चौथ्या भागावर, १.९२ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याचा डिजिटल फिल्टर जबरदस्त आहे पण १.९२ मेगाहर्ट्झच्या आजूबाजूला आणि त्याच्या प्रत्येक पटीत तो फिल्टर परत उघडा असतो, तिथे जे काही येईल ते घडी पडून थेट आपल्या सिग्नलच्या पट्ट्यात येऊन बसतं. आणि एमपी१५८४ चे मॉड्यूल १०० किलोहर्ट्झ ते १.५ मेगाहर्ट्झ कुठेही सेट करता येतात, समजा तुमचा ९६० किलोहर्ट्झच्या जवळ चालतोय, तर त्याचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सी) बरोब्बर १.९२ ला येतो. दोन फ्रिक्वेन्सींमध्ये काही हर्ट्झचाच फरक राहिला तर तो फरकच तुम्हाला हळू हेलकावा म्हणून दिसतो, सॉफ्टवेअरमध्ये कितीही ॲव्हरेज करा जात नाही, कारण ॲव्हरेजला तो खरा सिग्नलच वाटतो. बक तापला की त्याची फ्रिक्वेन्सी सरकते म्हणून हेलकावा पण बदलतो.

आता ७८०५ किंवा एएमएस१११७ मध्ये घातला तर? त्यांच्या डेटाशीटमध्ये रिपल रिजेक्शन (सप्लायवरची लहर किती दाबली जाते ते) लिहिलेलं असतं ते १२० हर्ट्झचं, ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज रेक्टिफायरच्या जमान्यातलं. ६०–७० डीबी दिसायला छान दिसतं पण शेकडो किलोहर्ट्झच्या पुढे ह्या जुन्या रेग्युलेटरांचा लूप पुरा पडत नाही आणि बकचा रिपल बऱ्यापैकी तसाच पुढे जातो, तिथे जी काही गाळणी होते ती आउटपुटचा कपॅसिटर करतो. एलटी३०४५ चे ७६ डीबी म्हणजे साधारण ६३०० पट, ५० मिलीव्होल्टचा रिपल १ मेगाहर्ट्झला आत गेला तर बाहेर ८ मायक्रोव्होल्टच्या आसपास. आणि मग एडीसी स्वतः त्यातला बराच भाग दाबतो, मग जे उरतं ते आपल्या अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या खाली. ०.८ मायक्रोव्होल्टचा नॉईज ह्या हिशोबात कुठे आलाच नाही बघा. बकच्या मागे लावणार असाल तर पीएसआरआर बघा, आणि तो पण तुमच्या बकच्या फ्रिक्वेन्सीला किती आहे ते.

मॉड्यूल लावल्यावर हेलकावा गेला. खरंच गेला, त्याच बकवर (फक्त त्याचं आउटपुट ६ व्होल्ट करून, का ते पुढे येईल), त्याच ॲडाप्टरवर, व्हीएफडी चालू असताना. चांगलं इंजिनिअरिंग म्हणजे काय हे अशा वेळी कळतं, तीन बाय तीन मिलिमीटरच्या चिपमध्ये एवढं काम कुणीतरी करून ठेवलंय ह्याचं मला अजून कौतुक वाटतं.

पण सगळं श्रेय चिपला देणार नाही. त्याच वेळी एडीसीचा रेफरन्स (ज्या व्होल्टेजशी तो सिग्नल ताडून बघतो) पण बदलला होता आणि तो भाग मला महत्त्वाचा वाटतो. बऱ्याच तयार एडीएस१२५६ बोर्डांवर २.५ व्होल्टची वेगळी रेफरन्स चिप असते आणि लोडसेलला मात्र ५ व्होल्ट सप्लायवरून. म्हणजे ५ व्होल्ट जरा हलले की सिग्नल हलतो, रेफरन्स हलत नाही, आणि वजन बदललेलं दिसतं. त्यापेक्षा लोडसेलचं जे एक्सायटेशन त्यालाच दोन सारख्या रेझिस्टरने अर्धं करून रेफरन्स पिनला द्या, ह्या एडीसीला रेफरन्स २.६ व्होल्टपर्यंतच चालतो त्यामुळे २.५ बरोबर बसतो, आणि मग सप्लाय हलला तर सिग्नल आणि रेफरन्स दोघं एकाच प्रमाणात हलतात, भागाकार तोच राहतो. ह्याला रेशिओमेट्रिक म्हणतात. हळू बदल, तापमानाने होणारा ड्रिफ्ट, हे सगळं फुकटात जातं, दोन रेझिस्टर आणि एका कपॅसिटरमध्ये. त्यामुळे तुमचा प्रश्न फक्त हळू ड्रिफ्टचा असेल तर आधी हे करा, एलटी३०४५ नंतर. फक्त बकचा मेगाहर्ट्झवाला कचरा ह्याने जात नाही, कारण सिग्नलच्या वाटेवरचा फिल्टर आणि रेफरन्सच्या वाटेवरचा फिल्टर सारखे नसतात, आणि तिथे ही चिप लागते.

आता मॉड्यूलविषयी, कारण तुम्ही चिप नाही, मॉड्यूल विकत घेणार. सुटी चिप एमएसओपी किंवा डीएफएन पॅकेजमध्ये येते, पोटाखाली पॅड असतो, हॉट एअर शिवाय हाताने लावणं अवघड, त्यामुळे मॉड्यूल घेणं शहाणपणाचं. पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) विचारलं तर काउंटरवर ७८०५ आणि एलएम३१७ पुढे येतात, हे मागवूनच घ्यावं लागतं.

ही चिप व्होल्टेज ठरवायला एकच रेझिस्टर वापरते. सेट पिनमधून १०० मायक्रोअँपिअर बाहेर येतात, ३३ किलोओहम लावला की ३.३ व्होल्ट, ५० किलोओहम लावला की ५. आणि पुढचा ॲम्प्लिफायर युनिटी गेनचा (एक पट), त्यामुळे आउटपुट व्होल्टेज वाढवलं म्हणून नॉईज वाढत नाही, ३१७ मध्ये तो वाढतो. सेट पिनवर ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की ते ०.८ मिळतात. बोर्डवर ह्या कपॅसिटरची ग्राउंडची बाजू कुठे जोडलीये ते बघा. ती आउटपुट कपॅसिटरच्या ग्राउंडला, म्हणजे लोडच्या बाजूला जायला पाहिजे. माझ्याकडे एका विक्रेत्याकडून आलेल्या बोर्डवर ती इनपुट टर्मिनलच्या ग्राउंडला सगळ्यात जवळ होती, म्हणजे बकचा रिटर्न करंट जिथून जातो तिथेच. सेट पिनला जे दिसतं तेच आउटपुटला येतं, त्यामुळे तिथे ग्राउंड अर्धा मिलीव्होल्ट हलला तर आउटपुट पण अर्धा मिलीव्होल्ट हलणार आणि रेग्युलेटर त्याला खरं मानणार. ट्रॅक कापून बारीक वायरने कपॅसिटर बरोबर जागी नेला आणि फरक स्कोपवर पण दिसला. दुसऱ्या विक्रेत्याकडची बोर्डं ह्या बाबतीत नीट होती. फोटो झूम करून ट्रॅक बघून घ्या, एवढंच सांगीन.

दुसरी गोष्ट आउट-सेन्सची पिन. ही आउटपुट कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला थेट जोडलेली असते, मॉड्यूलवर ती बोर्डवरच संपते, म्हणजे तिथून पुढे तुम्ही जी वायर न्याल तिचा ड्रॉप चिपला कळत नाही. म्हणून मॉड्यूल एडीसीच्या अगदी शेजारी बसवा. दहा सेंटीमीटर वायर म्हणजे ढोबळमानाने १०० नॅनोहेन्री, १ मेगाहर्ट्झला ०.६ ओहमच्या वर, एवढ्या सुंदर चिपच्या पुढे तुम्ही स्वतःच्या हाताने अर्धा ओहम लावताय.

तिसरी गोष्ट ऐकून लोक वाद घालतात पण डेटाशीटमध्येच लिहिलंय. बकच्या मागे ही चिप लावताना तिच्या इनपुटला अगदी चिकटून जास्तीचा कपॅसिटर ठेवला तर पीएसआरआर कमी होऊ शकतो. कारण बकचा हाय फ्रिक्वेन्सी करंट त्या कपॅसिटरमधून फिरतो, चिपच्या शेजारी त्याचं मॅग्नेटिक फील्ड तयार होतं आणि ते आउटपुटच्या बाजूला जाऊन बसतं. ७६ डीबीच्या पातळीला एवढीशी गोष्ट पण मोजली जाते. मॉड्यूलवर इनपुट कपॅसिटर आधीच असतो आणि बक लांब असेल तर तो लागतोच, पण अजून चार समांतर लावून ठेवायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. बकचं मॉड्यूल आणि हे मॉड्यूल एकमेकांवर चिकटवू पण नका, बकच्या इंडक्टरपासून लांब ठेवा.

आता ग्राउंड. ह्या विषयावर मी कितीही लिहू शकतो कारण मिक्स्ड सिग्नल बोर्डांचे नव्वद टक्के प्रॉब्लेम इथेच असतात असं माझं ठाम मत आहे. साधा हिशोब करा. ईएसपी३२ आणि एडीसीचं ग्राउंड एकाच जम्पर वायरने सप्लायला गेलंय. त्या वायरचा आणि तिच्या दोन्ही टोकांच्या कनेक्शनचा मिळून ०.०५ ओहम धरा, जास्तच असेल. वायफायचा २०० मिलीअँपिअरचा झटका आला की ०.०५ गुणिले ०.२, म्हणजे १० मिलीव्होल्ट. आपल्या पूर्ण १० किलोचा सिग्नल किती होता? १० मिलीव्होल्टच. त्या वायरचा तुकडा जर चुकून सिग्नलच्या वाटेत आला तर काय होईल विचार करा. डिफरन्शियल इनपुट असल्यामुळे त्यातलं बरंच कापलं जातं, पण सगळं नाही. इथे रेग्युलेटर काहीच करू शकत नाही, तो त्याच्या आउटपुट आणि त्याच्या ग्राउंडमधलं व्होल्टेज सांभाळतो, तुमच्या वायरमधला ड्रॉप त्याच्या हिशोबाच्या बाहेरचा.

त्यामुळे एलटी३०४५ लावून पण फरक पडला नाही असं कुणी म्हणालं तर मी पहिला प्रश्न विचारतो, डिजिटलचा रिटर्न करंट कुठून जातोय? फोटो बघितला तर बहुतेक वेळा ब्रेडबोर्ड असतो आणि ग्राउंडची एकच पट्टी असते. आम्ही शेवटी ईएसपी३२ ला बकमधून वेगळी जाड जोडी दिली, त्याच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि सिरॅमिक लावले म्हणजे झटक्याचा करंट जवळच फिरेल, आणि ॲनालॉगची जोडी बकच्या आउटपुट कपॅसिटरपासून वेगळी काढली. दोघं भेटतात ते एकाच ठिकाणी. एसपीआयच्या (एडीसी आणि ईएसपी३२ मधल्या डेटाच्या) लाईन्स राहतात, त्यांचा रिटर्न पण ग्राउंडमधूनच येतो हे विसरू नका, म्हणून त्या वायरांबरोबर एक ग्राउंडची वायर लागतेच आणि लाईनवर ५० ते १०० ओहमचा रेझिस्टर घातला की कडा मऊ होतात आणि झटके कमी होतात. ही नुसती वायरची दुरुस्ती केल्यावर सुधारणा रेग्युलेटर बदलल्यापेक्षा कमी नव्हती.

स्वतःचा पीसीबी बनवणाऱ्यांना अजून एक सांगतो. एजीएनडी आणि डीजीएनडी अशा दोन पिना बघून लोक बोर्डचं ग्राउंड मधोमध कापतात आणि एका बाजूला ॲनालॉग, दुसऱ्या बाजूला डिजिटल करतात. ही नावं चिपच्या आत ती पिन कुठल्या भागाला जोडलीये ते सांगतात, तुमच्या बोर्डवर ती कुठे जोडायची हे सांगत नाहीत. एडीसीच्या दोन्ही ग्राउंड पिना सर्वात जवळच्या मार्गाने एकाच प्लेनला (ग्राउंडच्या पसरट तांब्याच्या थराला), ॲनालॉगच्या बाजूच्या, जोडायच्या. प्लेन कापलं आणि त्या फटीवरून एसपीआयचा ट्रॅक नेला तर हाय फ्रिक्वेन्सीचा रिटर्न करंट जो ट्रॅकच्या बरोबर खालून जायला बघतो त्याला लांबून वळसा घालावा लागतो आणि तो वळसा म्हणजे अँटेना. अख्खं प्लेन ठेवा, फक्त पार्ट्स मांडताना डिजिटल एका कोपऱ्यात, ॲनालॉग दुसऱ्या कोपऱ्यात आणि सप्लाय अशा बाजूने आणा की डिजिटलचा करंट ॲनालॉगच्या खालून जाणार नाही.

फेराइट बीडबद्दल (सप्लायच्या वाटेत लावायच्या छोट्या फिल्टरबद्दल) पण विचारतात, एलटी३०४५ ऐवजी बीड लावला तर? बीडवर ६०० ओहम लिहिलेलं असतं ते १०० मेगाहर्ट्झचं. आपल्या बकच्या फ्रिक्वेन्सीला तो एक छोटा इंडक्टर आहे, आणि पुढच्या सिरॅमिक कपॅसिटरबरोबर मिळून तो कधीकधी रिपल वाढवतो, कारण दोघांचा रेझोनन्स तिथेच येतो. त्यात करंट वाहायला लागला की बीडचा इम्पीडन्स अजून खाली जातो. बीड रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या कचऱ्यासाठी चांगला, बकसाठी नाही. त्यापेक्षा करंट कमी असेल तर साधा १० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड लावा, १६० हर्ट्झपासून गाळायला सुरुवात होते आणि रेझोनन्सची भीती नाही. ३५० ओहमचा लोडसेल ५ व्होल्टला १४ मिलीअँपिअर घेतो, त्याला ०.१४ व्होल्टचा ड्रॉप परवडतो.

गरम होण्याचं बघा. १२ व्होल्टवरून सरळ ५ केले आणि ३०० मिलीअँपिअर ओढले तर २ वॉटच्या वर उष्णता, एवढ्याशा बोर्डला ते झेपत नाही, थर्मल लिमिटला जाऊन बंद पडतो. चिप जळत नाही, रिव्हर्स बॅटरी, रिव्हर्स करंट सगळी प्रोटेक्शन आत आहेत, पण असं चालवू नये. बकने ६ व्होल्ट करा आणि मग ह्याने ५. एक व्होल्टचं अंतर ठेवलं की उष्णता पण कमी आणि पीएसआरआर पण पूर्ण मिळतो. ड्रॉपआउट २६० मिलीव्होल्ट आहे म्हणून ५.३ वरून ५ काढायला जाल तर रेग्युलेशन राहील पण गाळणी खूप कमी होईल, आणि गाळणीसाठीच तर घेतलाय.

चालू व्हायला पण थोडा वेळ लागतो. सेट पिनचा कपॅसिटर १०० मायक्रोअँपिअरने भरायचा असतो, ५० किलोओहम आणि ४.७ मायक्रोफॅरडला ९० टक्क्यांपर्यंत यायला अर्धा सेकंद. चिपमध्ये फास्ट स्टार्टअपची सोय आहे पण काही मॉड्यूलांवर ती पिन इनपुटला बांधून बंद ठेवलेली असते. एडीएस१२५६ रीसेटनंतर स्वतःचं कॅलिब्रेशन करतो, त्याचा डिजिटल सप्लाय आधी आला आणि ॲनालॉग अजून चढतच असेल तर ते कॅलिब्रेशन कचरा. कोडमध्ये एक सेकंद थांबून परत सेल्फ कॅलिब्रेशनची कमांड द्या.

डुप्लिकेट चिपची भीती सगळ्यांना असते. ०.८ मायक्रोव्होल्ट घरच्या स्कोपवर बघायला जाऊ नका, ८ बिटचा स्कोप १ मिलीव्होल्ट पर डिव्हिजनला ठेवला तरी त्याची एक पायरी ३० मायक्रोव्होल्टच्या आसपास असते, जे दिसेल तो स्कोपचा नॉईज. त्यापेक्षा मल्टीमीटरने सेट रेझिस्टर मोजा, आउटपुट मोजा, भागाकार १०० मायक्रोअँपिअरच्या एक टक्क्यात आला पाहिजे. मग ५०० मिलीअँपिअरच्या जवळ लोड देऊन इनपुट हळूहळू खाली आणा आणि कुठे आउटपुट सुटतं ते बघा. आणि बकवर लावून इनपुट-आउटपुट दोन्हीकडे प्रोबची लांब क्रोकोडाइल क्लिप काढून छोट्या स्प्रिंगने मोजा, लांब क्लिपने मोजलं तर आउटपुटला पण रिपल दिसेल आणि तुम्ही चांगल्या चिपला नावं ठेवाल.

कुणी घेऊ नये? ईएसपी३२ चा आतला १२ बिटचा एडीसी वापरत असाल तर अजिबात नको, ३.३ व्होल्टला त्याची एक पायरी ०.८ मिलीव्होल्टची आणि त्याचा स्वतःचा नॉईज त्याहून जास्त. आर्डुइनो उनोचा १० बिट, ५ व्होल्टला पायरी जवळजवळ ५ मिलीव्होल्ट, तिथेही नको. एचएक्स७११ असेल तर त्याच्यात ॲनालॉग सप्लायचा स्वतःचा रेग्युलेटर असतो, तिथे आधी वायरिंग सुधारा. एडीएस१११५ सारखा १६ बिट असेल तर एलपी५९०७ पुरे, ६.५ मायक्रोव्होल्टच्या आत नॉईज, २५० मिलीअँपिअर देतो, किंमत फारच कमी, इनपुट मात्र ५.५ व्होल्टपर्यंतच चालतं. जास्त व्होल्टेज आणि १ अँपिअर पाहिजे तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीपीएस७ए४७, नॉईज ४ मायक्रोव्होल्ट, ३६ व्होल्टपर्यंत इनपुट, आणि व्होल्टेज पिना ग्राउंडला जोडून निवडता येतं, ऑडिओवाल्यांना हा फार आवडतो आणि बरोबर आवडतो.

घ्यावा कुणी? बकच्या मागे २४ बिटचा एडीसी असणाऱ्यांनी, क्लॉक ऑसिलेटर किंवा पीएलएलला (फ्रिक्वेन्सी बनवणाऱ्या सर्किटला) सप्लाय देणाऱ्यांनी, कारण तिथे सप्लायचा नॉईज सरळ जिटर (क्लॉकच्या वेळेतली डगमग) होऊन बसतो, आणि मायक्रोफोन किंवा जिओफोनचा (जमिनीची कंपनं टिपणाऱ्या सेन्सरचा) प्रीॲम्प बनवणाऱ्यांनी. तिथे तो ०.८ चा आकडा पण उपयोगी पडतो, कारण तिथे गेन हजार पट असतो. चिपला पाचपैकी पाच, मॉड्यूलला साडेतीन, दीड गुण ग्राउंडच्या ट्रॅकचे आणि फास्ट स्टार्टअप बंद ठेवण्याचे कापले.

प्लस-मायनस सप्लाय लागणार असेल तर मायनससाठी एलटी३०९४ येतो, २० व्होल्ट आणि ५०० मिलीअँपिअरचाच, ह्याचाच जोडीदार. काही ठिकाणी दोन्ही एकाच बोर्डवर मिळतात, फोटोत तिथे पण सेट कपॅसिटरचं ग्राउंड कुठे जातंय ते बघून मगच ऑर्डर करा. करंट कमी पडला तर एलटी३०४५ समांतर पण जोडता येतात, सेट पिना एकत्र आणि आउटपुट छोट्या ट्रॅक रेझिस्टन्समधून, नॉईज अजून खाली जातो, पण दोन मॉड्यूलं वायरने बांधून हे करू नका, त्यासाठी स्वतःचा पीसीबी काढा.